खोक्यावरचा डोंगर

माझे पाय सपाट आहेत. ही काही अभिमानानं सांगण्याची गोष्ट नव्हे, पण पुढं भांडण करायचं आहे, तेव्हा आपल्या बाजूचं व्यंग आधीच सांगून टाकलेलं बरं. लग्नाच्या वेळी सासरच्या मंडळींनी माझी पत्रिका पाहिली, पगार पाहिला, पाय पाहिले नाहीत. बँकेच्या भरतीतही पाय पाहत नाहीत. त्यामुळे संसार आणि नोकरी या दोन्ही मुख्य आपत्ती या पायांना न विचारताच माझ्या वाट्याला आल्या. चाळिशी उलटेपर्यंत याच पायांनी मला जुन्नरच्या एसटी स्टँडवरून घोडेगावच्या शाखेपर्यंत रोज नेलं आणि आणलं, आणि कधी एका शब्दानं तक्रार केली नाही. तक्रार केली ती गेल्या पावसाळ्यात. तीसुद्धा त्यांना सहा हजार चारशे नव्याण्णव रुपयांचे बूट चढवल्यानंतर!

झालं असं, की आमच्या शाखेनं नाणेघाट चढायचं ठरवलं. बँकेतली माणसं वर्षभर बसून असतात आणि मार्च एंडला पळतात. तेव्हा एकदा चालून पाहावं, अशी साहेबांची कल्पना. आता आम्हां जुन्नरकरांना नाणेघाट म्हणजे घरचं परसदार. आमच्या बाजूनं थेट माथ्यापर्यंत गाडी जाते, खिंडीत उभं राहून कोकणातला वारा खायचा, भजी खायची आणि परत यायचं, अशी आमची पद्धत. पण कॅशियर म्हणाले, हा काही ट्रेक नव्हे. गाडीनं माळशेज घाट उतरून वैशाखऱ्याला जायचं आणि खालून चढून वर यायचं. म्हणजे ज्या जागी आपण गाडीनं दहा मिनिटं आधी पोचू शकतो, तिथं अर्धा दिवस उशिरा आणि घामाघूम होऊन पोचायचं, याला ट्रेक म्हणतात.

माझी हरकत नव्हती. खालून हा घाट मी पाच-सहा वेळा तरी चढलेलो आहे. पहिल्यांदा वडिलांचं बोट धरून, रबरी स्लिपर घालून. त्यातली एक सपाता वाटेतच तुटली, तेव्हा वडिलांनी तिचा अंगठा सेफ्टी पिननं अडकवून दिला होता. पुढं कॉलेजात कॅनव्हासच्या बुटांवर. त्या वेळी डोंगरात जाणारी जुनी मंडळी हंटर बूट घालायची. ते ज्याच्याकडे असत तो आमच्यात सेनापती. पण म्हणून स्लिपरवाले शिपाई काही खाली राहिले नाहीत.

हे सगळं मला ठाऊक होतं, हे कृपया लक्षात ठेवा. कारण पुढं मी जो मूर्खपणा केला, तो अज्ञानातून केला असं म्हणायला मला जागा नाही.

कॅशियरनी विचारलं, "पायात काय घालणार?"

मी म्हणालो, "नेहमीचेच."

त्यांनी वाकून माझ्या पायांकडे पाहिलं. एखाद्यानं काउंटरवर फाटकी, तेलकट, नंबर गेलेली नोट ठेवावी आणि कॅशियरनं ती दोन बोटांत उचलावी, तसं पाहिलं. तोंडानं काही बोलले नाहीत. मोबाइल काढला आणि मला एक चित्रफीत दाखवली. तीत एक दाढीवाला तरुण बर्फाच्या डोंगरावर उभा राहून एका बुटाबद्दल जे बोलत होता, ते मी माझ्या लग्नात मंगलाष्टकांतसुद्धा ऐकलेलं नाही. हा बूट चढतो. हा बूट पकडतो. हा बूट श्वास घेतो. मी म्हटलं, एवढं सगळं बूटच करणार असेल, तर आपण घरी बसून बूट तेवढे पाठवून देऊ. कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या मोबाइलला बुटांचा रोग जडला. पंचांग उघडलं तरी बूट, टोमॅटोचा नारायणगावचा भाव पाहायला गेलो तरी बूट. मेथीच्या भाजीची कृती बघत असताना सौ.लाही बूट दिसले आणि ती म्हणाली, "अहो, घेऊन टाका एकदाचे. भाजीत तरी येणार नाहीत."

पुण्याच्या ज्या दुकानात मी गेलो त्याचं नाव सांगत नाही. तिथं एक लाकडी उतार केलेला होता आणि त्यावर सिमेंटचे गोटे चिकटवले होते. त्यावरून मला चालवलं. गोटे कोरडे, दिवे लख्ख, वर थंड हवेचं यंत्र. सह्याद्रीचं एवढं सोयीचं दर्शन मला आजवर झालं नव्हतं. मी विक्रेत्याला स्पष्ट सांगितलं, "नाणेघाट. पावसाळा. वैशाखऱ्याकडून." त्यानं अत्यंत प्रेमानं हसून उत्तर दिलं, "सर, हा हिमालयाचा शू आहे. तुमचा घाट म्हणजे याला मॉर्निंग वॉक." खोक्यावर खरोखरच एक डोंगर छापलेला होता. टोकदार, निळा, वर बर्फ. आमच्याकडे बर्फ पाहायचा तर रसवंतीत जावं लागतं.

आता मी बी.कॉम. आहे. डिग्रीचा उपयोग आयुष्यात फारसा झाला नाही, पण मर्कंटाइल लॉच्या तासाला ऐकलेलं एक वाक्य डोक्यात राहिलं: 'कॅव्हिएट एम्प्टर', खरीदणाऱ्यानं सावध राहावं. १९३० सालच्या माल विक्री कायद्याच्या सोळाव्या कलमात हे तत्त्व आहे, आणि लगेच त्याला अपवादही आहे. गिऱ्हाइकानं आपला हेतू विक्रेत्याला सांगितला आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे. मी हेतू सांगितला होता. विसंबलो होतो. परीक्षेत या कलमाचं उदाहरण लिहायला मला कधी सुचलं नव्हतं, ते आता सहा हजार चारशे नव्याण्णव रुपये भरून पूर्ण झालं. एक रुपया परत मिळाला. तो एक रुपया का ठेवतात, हे कॉमर्सच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. साडेसहा हजार म्हटलं की माणूस दचकतो. सहा हजार म्हटलं की पाकीट काढतो.

घाटाची हकीकत थोडक्यात सांगतो.

पहिला अर्धा तास बूट उत्तम होते. तेव्हा आम्ही सपाटीवर होतो. मग पहिला ओढा लागला. बूट पूर्ण वॉटरप्रूफ असल्यानं बाहेरचं पाणी आत येणं शक्यच नव्हतं. ते बुटाच्या तोंडातून, म्हणजे वरून आलं. ओढ्याचं पाणी गुडघ्याएवढं आणि बूट घोट्याएवढा, हे गणित दुकानातल्या उतारावर कुणी मांडलं नव्हतं. आणि आलेलं पाणी आतच राहिलं, कारण बूट वॉटरप्रूफ! जे पाणी आत येऊ देत नाही, ते बाहेर तरी कसं जाऊ देईल? आमच्या सोबतच्या शिपायाच्या कॅनव्हासच्या बुटांत एका बाजूनं पाणी येत होतं, दुसऱ्या बाजूनं जात होतं. त्याचं खातं चालू होतं, माझं मुदत ठेवीचं.

श्वास घेण्याचंही तसंच. त्या कापडाला म्हणे इतकी बारीक छिद्रं असतात, की पाण्याचा थेंब आत शिरत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. शोध खरा आहे, मी त्याची थट्टा करत नाही. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी तो लावला आणि थंड, कोरड्या मुलखात तो लाखमोलाचा आहे. पण वाफ बाहेर जायला बाहेर जागा लागते. ऑगस्टमधल्या आमच्या घाटात हवेतच एवढं पाणी असतं, की टॉवेल वाळत घातला तर तो अधिक ओला होतो. तिथं बुटानं श्वास सोडायचा कुठं? तो बिचारा माझ्यासारखाच धापा टाकत होता.

आणि मग पकड. नाणेघाटाची वाट दगडांची. हजारो वर्षं बैल, गाढवं, व्यापारी, यात्रेकरू यांनी घासून गुळगुळीत केलेली, आणि पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ. माझ्या बुटाच्या तळाला खोल खोल खाचा होत्या. चिखलात या खाचा रुततात आणि पकडतात. सपाट ओल्या दगडावर मात्र जेवढ्या खाचा जास्त तेवढं दगडाला टेकणारं रबर कमी. त्यातून ते रबर कडक. कडक रबर टिकतं जास्त, मऊ रबर धरतं जास्त. बूट वर्षानुवर्षं टिकेल अशी हमी दिलेली होती. माणूस टिकेल अशी नव्हती.

निम्म्या वाटेवर एका काळ्या चकाकत्या दगडावर मी पाय ठेवला आणि पाय माझी परवानगी न घेता पुढं गेला. मी पाठीवर पडलो, मनगटावर आपटलो आणि घसरू लागलो. दोन हात पलीकडे ओढ्याची घळ होती. या ठिकाणी विनोद करावा असं फार वाटतं, पण त्या दोन सेकंदांत मला चिरंजीवाची दहावीची फी आठवली, दुसरं काही नाही. माझ्या दंडाला कुणीतरी धरलं आणि मी थांबलो.

धरणारी एक मावशी होती. साठीच्या आसपासची. डोक्यावर मक्याच्या कणसांचं पोतं, वर माथ्यावर रविवारच्या गर्दीत भाजून विकायला चाललेली. पायात बाजारातले प्लास्टिकचे सँडल, त्यांतल्या एकाचा पट्टा सुतळीनं बांधलेला. एका हातानं पोतं सावरत तिनं दुसऱ्या हातानं शहाऐंशी किलोचा बी.कॉम. धरून ठेवला.

"दादा, चकाकतंय तिथं पाय नगा देऊ," ती म्हणाली. "खडबडीत बघून द्यायाचा. चिऱ्याच्या कडंला. आन् टाच नगा आपटू, समदा पाय टेकवा." मग माझ्या बुटांकडे पाहून, अगदी सद्भावनेनं, "नवं हायेत जनू. व्हतंय तसं."

तिच्या मागोमाग मी वर पोचलो. तिनं जिथं पाय ठेवला तिथं ठेवला, जसा ठेवला तसा ठेवला. हे शिक्षण फुकट मिळालं. पुढं दोन कणसं घेतली, तीही तिनं हिशेबानं दिली, दया म्हणून एक जास्त दिलं नाही, हे मला फार आवडलं.

माथ्यावरच्या लेण्यात मी बूट काढून बसलो. एकेका बुटातून तांब्याभर पाणी निघालं. टाचेला दोन फोड. समोरच्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, ब्राह्मी लिपीतला, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणते यज्ञ केले आणि किती गाई, किती घोडे, किती कार्षापणं दक्षिणा दिली, त्याचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतातल्या फार जुन्या अंकलेखनांत त्यांची गणना होते. बँकवाल्यानं तिथं हात जोडावेत अशी ती जागा, आमच्या धंद्यातलं पहिलं खर्चाचं व्हाउचर. बाहेर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजणही आहे. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. ते आता नाहीत. वर नावं राहिली आणि खाली पायांच्या खुणा. राजे गेले, पाय राहिले. माझ्या बाबतीत नेमकं उलटं होण्याची वेळ आली होती.

आता भांडणाकडे येतो.

आमचे काही मित्र म्हणतात, जाहिरातीवर कायदा आहे की! आहे. १९८५ सालीच जाहिरात व्यवसायानं आपल्यासाठी एक मानक परिषद काढली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात भ्रामक जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. २०२२ सालच्या नियमांप्रमाणे माल वाखाणणाऱ्यानं कंपनीशी आपला काय संबंध आहे, हेही सांगायचं आहे. तो दाढीवाला तरुणही सांगत होता म्हणे. चित्रफितीच्या एका कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात. पण 'हा बूट तुम्हांला शिखराशी जोडतो' या वाक्याला दंड कसा करणार? ते खोटं नाही. ते खरंही नाही. ते काहीच नाही. कायदा खोट्याला पकडतो. काहीच न म्हणण्याला कोणत्या कलमाखाली पकडायचं?

आणि गंमत अशी, की डोंगरातल्या बुटाचा खरा इतिहास कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठा आहे. इटलीत विताले ब्रामानी नावाचा गिर्यारोहक होता. १९३५ साली आल्प्समध्ये पुन्ता रासिकाच्या मोहिमेत त्याचे सहा सोबती वादळात सापडून मेले. पायांत होते ते बूट त्या हवेला पुरे पडणारे नव्हते. ब्रामानी ते दुःख घेऊन घरी बसला नाही. टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीच्या मदतीनं त्यानं खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच्याच नावाची आद्याक्षरं जोडून त्या तळाला 'विब्रम' नाव पडलं. १९५४ साली इटालियन मंडळी के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचली ती याच तळावर. हा बूट दुकानात जन्मला नाही. सहा माणसं गेल्यावर सातव्याला जे कळलं, ते त्याच्या तळाशी आहे. त्याला आपण अनुभव म्हणतो.

मग पुढं काय झालं? अनुभव आल्प्समध्ये राहिला आणि चित्र खोक्यावर आलं. ब्रामानीनं टायरवाल्याकडे जाऊन बुटाचा तळ केला, तर जगानं त्याला सलाम ठोकला. आमच्या आठवडे बाजारातला चांभार ट्रकचा जुना टायर कापून चपलेचा तळ करतो आणि ती चप्पल घालून आमची माणसं जीवधनच्या पायथ्यापासून भीमाशंकरच्या रानापर्यंत जन्मभर हिंडतात, तर आपण म्हणतो, अरेरे, बिचाऱ्यांना बूट नाहीत! दोघांचीही अक्कल टायरातच आहे. फक्त एकीला खोकं आहे.

इथं वाचक टाळ्या वाजवतील असं मला वाटलं होतं आणि लेख इथंच संपवायचाही विचार होता. पण मी टायरची चप्पल घेतली. खरंच घेतली, तावातावानं, परतल्यावर पहिल्याच बाजाराला. तीन दिवसांत तिनं माझ्या सपाट पायांची अशी अवस्था केली, की चौथ्या दिवशी मी काउंटरवर मोज्यांत बसलो. ज्या पायानं लहानपणापासून ती घातली, त्याला ती चप्पल आहे. मला तो शेतीचं अवजार आहे. आणि आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. आमचे कॅशियर माझ्यासारखेच बूट घालून तोच घाट चढले आणि एकदाही घसरले नाहीत. वजन अठ्ठावन्न किलो, पाय कमानदार. वर पोचून त्यांनी त्याच दाढीवाल्याच्या चित्रफितीखाली लिहून टाकलं, 'प्रत्यक्ष अनुभव. अप्रतिम.' ते खोटं बोलले नाहीत. त्यांचा अनुभव खराच होता. तो फक्त माझ्या मापाचा नव्हता.

तेव्हा माझं भांडण बुटाशी नाही, परदेशी नावाशी नाही, किमतीशीसुद्धा फारसं नाही. मग कशाशी आहे, ते मला स्वतःला नीट कळलं ते पुढं महिन्याभरानं, शाखेत.

आंबेगावच्या पश्चिम भागातले एक बाबा आमचे जुने खातेदार. हिरड्याचे पैसे खात्यात ठेवतात. बाळहिरडा म्हणजे त्या भागातलं नगद पीक. उन्हाळ्यात झाडाखाली वाकून वेचायचा, वाळवायचा आणि व्यापारी देईल त्या भावाला द्यायचा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा त्यांची झाडं मोडली. त्या वर्षी त्यांच्या पासबुकाचं पान कोरंच राहिलं. असे हे पैसे. बाबांनी आठ हजारांची स्लिप पुढं केली.

"एवढे एकदम? लग्नकार्य आहे का बाबा?"

"न्हाई सायेब. नातवाला बूट घ्यायाचेत. पोलीस भरतीचं करतोय ना त्यो."

पोलीस भरतीत पन्नास गुणांची मैदानी परीक्षा असते, त्यातले वीस गुण सोळाशे मीटर धावण्याला. आमच्या दोन्ही तालुक्यांत पहाटे कुठल्याही रस्त्याला गाडी घाला, दिव्याच्या उजेडात पोरं पळताना दिसतील. मग मी काय सोडतोय? माझ्या मनगटाला अजून क्रेप बँडेज होतं. मी पेन खाली ठेवलं आणि मागं रांग उभी असताना बाबांना सगळं सांगितलं. बूट संध्याकाळी घ्यावा, दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो. रोजचे मोजे घालून घ्यावा. पुढं अंगठ्याएवढी जागा हवी. पोराला दुकानाबाहेर रस्त्यावर पळवून बघावं, फरशीवर नाही. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचू नये. मोबाइलवर दाखवतात ते बूट दाखवणाऱ्याला फुकट मिळालेले असतात. मंचरच्या बाजारात निम्म्या पैशांत काम होईल. रांगेतले दोघे-तिघे माना डोलवू लागले. मला वाटलं, आज बँकेनं समाजासाठी काहीतरी केलं.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सायेब, पळायला त्याला बूट लागतच न्हाईत. अनवाणीच पळतो त्यो, समद्यांच्या म्होरं ऱ्हातो. पर बाकीची पोरं हसत्यात वो."

माझी बोलती बंद झाली. कारण मी तरी दुसरं काय केलं होतं? पाच-सहा वेळा चढलेला घाट. वडिलांनी सेफ्टी पिन लावून दिलेली सपाता. एवढा अनुभव पायांत असताना कॅशियरनी नुसतं वाकून पाहिलं, आणि मी पुणं गाठलं. मला बूट नको होते. मला ते पाहणं नको होतं. हे लोक बूट विकतात असं मी समजत होतो. बूट ते नंतर विकतात. आधी लाज विकतात, ती फुकट वाटतात, पहाटे धावणाऱ्या पोरांच्या हातातल्या मोबाइलवरसुद्धा. जो अनवाणी पहिला येतो, त्यालाच मागं पडल्यासारखं वाटावं, अशी ती लाज. तिच्यावर सोळावं कलम लागत नाही.

याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू, मुंबईत गिरणीत काम करणारा पोरगा, विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि १२ डिसेंबर १९३० ला गेला. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचं नाव आहे. माल विक्री कायद्याचंही तेच साल, हे मला हा लेख लिहिताना लक्षात आलं. तुलना करायची माझी प्राज्ञा नाही. तेव्हा माल ट्रकनं यायचा, निदान दिसायचा तरी. आता तो भाजीच्या कृतीतून येतो. आडवं व्हायचं कुणासमोर?

बाबांनी स्लिप मागं ओढून आठाचे चार केले. खाडाखोड चालत नाही म्हणून मी नवी स्लिप दिली. पैसे मोजून घेतले, टोपीत ठेवले, गेले. पुढं एकदा तो नातू पासबुक भरून घ्यायला आला होता, उंच, काटक, घामेजलेला. त्याच्या पायांत काय आहे ते पाहायची मला फार इच्छा झाली. पण आमच्या काउंटरवरून गिऱ्हाइकाचे पाय दिसत नाहीत.

राहता राहिले माझे बूट. सौ.नं ते दोन महिने बाल्कनीत वाळवले आणि एके दिवशी म्हणाली, "विकून टाका. सोसायटीच्या ग्रुपवर चार ओळी लिहा." मी बसलो लिहायला. आणि सांगायला लाज वाटते, माझ्या हातून पहिलं वाक्य उतरलं ते असं: 'नाणेघाटात प्रत्यक्ष वापरून पाहिलेले, हिमालयासाठी बनवलेले, जवळजवळ नवे.' एकही शब्द खोटा नव्हता. सौ.नं ते वाचलं आणि माझ्या मनगटाकडे पाहिलं. मग मी ते खोडून दुसरं लिहिलं: 'बूट, नऊ नंबर. सपाटीला चांगले. ओल्या दगडावर घसरतात. ओढ्यात पाणी भरतं व राहतं. किंमत दोन हजार.'

पंधरा दिवस कुणी विचारलं नाही. परवा रात्री एका गृहस्थांचा फोन आला. आवाज सभ्य होता, जाहिरात त्यांनी नीट वाचलेली दिसली.

"पाणी भरतं आणि राहतं, असं लिहिलंय तुम्ही."

"हो," मी म्हणालो.

"म्हणजे वॉटरप्रूफ आहेत ना?"